शून्य गळतीचं शहर

माझी नोकरी, आमचा दिवाणखाना आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं तत्त्व, या तिन्ही गोष्टी ज्या प्रश्नामुळे धोक्यात आल्या तो प्रश्न जेमतेम दीड ओळीचा होता. "प्रश्न सतरावा : आपल्या शहरातील किती टक्के इमारतींमध्ये पाण्याची गळती आढळते?"

मी वर पाहिलं. कार्यालयाच्या छतातून एक थेंब सुटला आणि टेबलावर त्यासाठीच ठेवलेल्या पेल्यात पडला.

"शून्य लिही," साहेब म्हणाले.

आमच्या कार्यालयाचं नाव 'परदेशी गुंतवणूक कक्ष'. नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर. कक्षात तिघं होतो : साहेब, मी आणि एक कपाट. साहेब कायम होते. कपाट कायम होतं. मी तात्पुरता होतो, गेली चार वर्षं. दर सहा महिन्यांनी माझं तात्पुरतेपण वाढवून मिळायचं आणि मी त्याबद्दल आभाराचं पत्र द्यायचो. चार वर्षांत कक्षात एकही परदेशी गुंतवणूक आली नव्हती. एकदा एक परदेशी गृहस्थ आले होते, पण ते स्वच्छतागृह शोधत होते.

आणि अचानक ही प्रश्नावली आली. पाठवणारी कंपनी छतांवर आणि भिंतींवर लावायचा गळतीरोधक लेप बनवायची. अर्ध्या जगात तिचे निळे डबे विकले जात. आता तिला स्वतःच्या देशाबाहेर एक संशोधन केंद्र काढायचं होतं, आणि ते कुठे काढावं हे ठरवण्यासाठी तिने नऊ शहरांना चाळीस-चाळीस प्रश्न पाठवले होते. विद्यापीठं किती? अभियंते किती? विमानतळ किती लांब? शोध लावला तर तो चोरीला जाऊ नये म्हणून कायदे आहेत का, आणि असले तर ते कोणी वाचतं का?

मुलगी बघायला येणारी माणसंही इतकं विचारत नाहीत. पण मी प्रामाणिकपणे लिहीत गेलो. विद्यापीठ : आहे, शेजारच्या शहरात. विमानतळ : नाही, विमानं दिसतात. सतराव्या प्रश्नाला मात्र माझा हात अडला.

"साहेब, शून्य कसं लिहू? समोर पडतंय."

"अरे, अर्जाचं शास्त्र असतं," साहेब खुर्चीत रेलले. "अर्जात रोग विचारला की 'नाही'. गुन्हा विचारला की 'नाही'. थकबाकी? 'नाही'. एकतीस वर्षं मी हेच लिहितोय. कधी कोणी तपासायला आलंय?"

मी शून्य लिहिलं. पेल्यात दुसरा थेंब पडला. शहराचा निषेध म्हणून मी तो नोंदवायला हवा होता.

दीड महिन्याने उत्तर आलं. साहेबांना कंपनीच्या भाषेत 'धन्यवाद'च्या पुढे काही येत नसल्यामुळे मीच वाचून दाखवलं : "आपल्या सतराव्या उत्तराने आमच्या मुख्य कार्यालयात खळबळ उडाली आहे. आमच्या प्रमुख संशोधक प्रत्यक्ष पाहणीसाठी येत आहेत."

"खळबळ!" साहेबांनी कपाटाकडेसुद्धा अभिमानाने पाहिलं. "आपल्यामुळे परदेशात खळबळ! बघ, ही कंपनी आली तर मी तुला कायम करतो. लेखी. माझ्या सहीने."

"आणि नाही आली तर?"

साहेबांनी माझ्या खुर्चीकडे असं पाहिलं, की खुर्चीलाच अवघडल्यासारखं झालं.

कार्यक्रम ठरला. सकाळी नगरपालिका, दुपारी प्रस्तावित जागा म्हणजे एक रिकामं गोदाम, आणि चार वाजता 'सामान्य कुटुंबाच्या घरी भेट'. संशोधकांची बायकामुलं इथे राहायला आली तर कशा घरात राहतील, हे येणाऱ्या संशोधक बाईंना बघायचं होतं.

"तुझं घर दाखवू," साहेब म्हणाले.

"साहेब, आमच्याकडे गळतं."

"माझ्याकडे दोन खोल्यांत गळतं. तू कनिष्ठ आहेस, तुझ्याकडे एकाच खोलीत गळत असणार."

सेवाज्येष्ठतेचा हा हिशेब दुर्दैवाने बरोबर होता.

आमच्या गळतीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण घरातली ती माझ्याखालोखाल धाकटी. वय वर्षं अकरा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बोळकंडीच्या छताला, न्हाणीघराच्या दारासमोर, एक डाग आहे. तो उन्हाळ्यात बशीएवढा असतो आणि एरवी परातीएवढा. त्यातून थेंब पडतात. आईचं म्हणणं, ते वरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी. वरचे म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना सगळी इमारत 'मास्तर' म्हणते आणि आई 'ते वरचे' म्हणते. मास्तरांचं म्हणणं, ते पाणी त्यांचं नाही. कोणाचं आहे हे शोधणं खालच्यांचं काम.

बरं, दुसरी माणसं असती तर भांडून मोकळी झाली असती. पण आई एकेकाळी दवाखान्यात परिचारिका होती. तक्ता भरल्याशिवाय तिला आजारी माणूस आजारी वाटत नाही. तिने पहिल्याच आठवड्यात वही घातली. तारीख, वेळ, थेंब किती, आणि शेवटच्या रकान्यात 'वर काय चालू होतं' : आंघोळ, कपडे, संशयास्पद शांतता. हे मास्तरांच्या कानावर गेलं तसं त्यांनीही वही घातली. त्यात ते नळ कधी उघडला, कधी बंद केला, किती बादल्या वापरल्या आणि 'खालून आरडाओरडा झाला काय' हे लिहीत. दोघं एकमेकांशी अकरा वर्षं बोललेले नाहीत. जे काही बोलायचं ते जिन्यात उभं राहून, मला उद्देशून, पण मी घरात नसतानाही बोललं जातं.

बाबांनी या वादात कधीच बाजू घेतली नाही. ते बादल्या घेतात. कुठल्या भांड्यात थेंब कसा वाजतो हे त्यांना पाठ आहे. पाहुणे असले की ते तळाशी फडकं घालतात, नसले की पत्र्याचा डबा लावून रेडिओ ऐकल्यासारखे ऐकत बसतात.

भेटीला चार दिवस होते. मी नळवाल्याला बोलावलं. त्याने डागाकडे बराच वेळ पाहिलं. हात लावला. वास घेतला. मग चहा मागितला.

"कुठून येतंय?" मी विचारलं.

"दादा, पाण्याचं पाहुण्यांसारखं असतं. कुठून आलं ते विचारायचं नाही, कधी जाणार ते बघायचं."

"मग कधी जाणार?"

"उद्या. परदेशी लेप मारतो. निळा डबा."

तोवर बातमी फुटली होती. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, डागावर निसर्गचित्र लावा, शक्यतो धबधब्याचं, म्हणजे पाणी दिसलं तरी चित्र जिवंत वाटेल. समोरच्या शिंप्याने छताला छान झालरीचा पडदा शिवून द्यायची तयारी दाखवली. साहेबांचा दूरध्वनी आला : छत्री उलटी टांगायची, कोणी विचारलं तर सजावट म्हणायचं. खुद्द बाबांनीही अकरा वर्षांत प्रथमच मत दिलं. ते म्हणाले, "बाईंना माझी बादली आवडेल." कोणी लक्ष दिलं नाही. घरच्या माणसाच्या ज्ञानाची हीच शोकांतिका असते.

नळवाल्याने लेप मारला. बोळकंडीतला थेंब थांबला. अकरा वर्षांत प्रथमच घरात शांतता पसरली, आणि बाबा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिवाणखान्यात उतरलं. बोळकंडीचा रस्ता बंद झाल्यामुळे त्याने छताच्या आतून वळसा घेतला होता आणि बरोबर सोफ्याच्या मधल्या बैठकीवर, म्हणजे जिथे कुठलाही यजमान कुठल्याही प्रमुख संशोधकाला बसवेल तिथे, ते पडत होतं.

"गॅरंटी बोळकंडीची होती," नळवाला म्हणाला. कायद्याने तो बरोबर होता.

आता उरला एकच उपाय. मी मास्तरांकडे गेलो. ते टेबलाशी वही उघडून बसले होते.

"मास्तर, गुरुवारी चार ते सहा तुम्ही नळ बंद ठेवाल का? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"ठेवला. आणि थेंब पडला नाही तर?"

"तर फारच उपकार होतील."

"बाळ, उपकाराचं सोड. सिद्ध काय होईल? की थेंब आमचा. तुझी आई वहीत लिहील : 'नळ बंद, थेंब बंद.' अकरा वर्षांचं माझं म्हणणं दोन तासांत वाहून जाईल."

खाली आलो तर आई कमरेवर हात ठेवून उभी. "वर जाऊन विनवण्या केल्यास? म्हणजे त्यांनी नळ बंद ठेवला की तो आपल्यावर उपकार! काही नको. पडू दे. चांगलं धो-धो पडू दे. कळू दे परदेशातसुद्धा!"

दोन्हीकडून तत्त्वात सापडलेल्या माणसाची अवस्था सुपारीला विचारा. अडकित्ता तिलाच ठाऊक. शेवटी बुधवारी मास्तरांनीच जिन्यात गाठून मधला मार्ग काढला : नळ बंद ठेवीन, पण थेंब पडला तर तो साक्षीदारांसमोर माझ्या वहीत नोंदवू द्यायचा. मी कबूल झालो. थेंब पडणार नाही अशी माझी खात्री होती. आईच्या वहीवर माझा विश्वास होता, कारण मी तिचा मुलगा आहे.

गुरुवारी परदेशी बाई आल्या. उंच, पन्नाशीच्या, आणि बुटांकडे बघून चालणाऱ्या. मला वाटलं लाजाळू असतील, पण त्या फरशीवरचे डाग बघत होत्या. नगरपालिकेत ताजा रंग होता. गोदामात ताजा रंग होता. आमच्या जिन्यालाही साहेबांनी सकाळीच रंग मारून घेतला होता, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सर्वांचे तळहात पांढरे झाले.

दिवाणखान्यात बाई सोफ्याच्या मधल्या बैठकीवर बसल्या. आम्ही त्यांना कडेला बसवायचा प्रयत्न केला, पण कडांवर साहेब आणि साहेबांची फाईल बसली होती. साहेब शहराच्या हवेवर बोलू लागले. मी भाषांतर करत होतो. चार वाजून बारा मिनिटं झाली. मला वाटलं, निभावलं.

टप्.

बाईंच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर.

मी भाषांतर थांबवलं, कारण 'टप्'ला त्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि मास्तर वही उंचावून दारात उभे राहिले. ते वरच्या जिन्यात कान लावून बसले होते.

"पडला ना? पडला! माझा नळ पावणेचारपासून बंद आहे! या, वर येऊन बघा! नळ बंद आणि तरी थेंब!"

"कालची बादली भरून ठेवली असेल!" आईने टीव्हीखालचा खण ओढून आपल्या वह्या काढल्या. सोळा होत्या. "हे बघा, सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये यांनी गोधड्या धुतल्या. सत्तेचाळीस थेंब!"

"त्या दिवशी मी गावाला गेलो होतो. ही नोंद. घराला कुलूप होतं!"

"मग गोधड्या कोणी धुतल्या?"

"तेच मी अकरा वर्षं विचारतोय!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षांत प्रथमच कोणीतरी तपासायला आलं होतं. बाई उठल्या. चष्मा न पुसताच त्यांनी आईची एक वही घेतली, मास्तरांची एक घेतली, दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या आणि मला म्हणाल्या, "हे काय आहे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. शून्य खोटं होतं हे सांगितलं. नळवाल्याबद्दल सांगितलं, आणि कोपऱ्यातला निळा डबा त्यांना दिसला तेव्हा तो त्यांच्याच कंपनीचा आहे हेही मान्य केलं. बाई डब्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आपलं कार्टं शेजाऱ्यांची काच फोडताना सापडल्यावर आई जसं पाहते तसं.

मग त्या बोलू लागल्या आणि मी वाक्यावाक्याला भाषांतर करत गेलो.

"आमच्याकडे एक तक्ता आहे. विद्यापीठं, अभियंते, विमानतळ, कायदे. त्या तक्त्यात तुमचं शहर नववं आहे."

"पहिल्या दहात!" साहेब पुटपुटले.

"नऊपैकी. तुमच्या शून्यामुळे आम्ही आलो. एकतर आम्हाला साठ वर्षांत जमलं नाही ते तुम्हाला जमलं असणार, नाहीतर तुम्ही खोटारडे असणार. दोन्ही प्रकार बघण्यासारखे होते." बाईंनी चष्मा पुसला. "सगळ्या कंपन्या हुशार माणसं असतात तिथे केंद्र काढतात. पण हुशार माणसांना विमानात बसवून कुठेही नेता येतं. गळतीला नेता येत नाही. आमची प्रयोगशाळा अतिशय कोरड्या गावात आहे. तिथे आम्ही छताला पाईप लावून गळती तयार करतो, आणि ती आम्ही सांगू तशीच गळते. ही," त्यांनी वर बोट दाखवलं, "ही कोणाचं ऐकत नाही. आणि हिच्या अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. दोन माणसांनी, वेगवेगळ्या मजल्यांवरून घेतलेल्या. दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही! आमच्याकडे सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास आहे, म्हणून आमचे आकडे कोणी तपासत नाही."

जाताना त्यांनी बोळकंडीत लपवून ठेवलेल्या बादलीकडे वाकून पाहिलं. तळाशी फडकं होतं. "हे कोणी सुचवलं?" बाबांनी हात वर केला. बाईंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी जरा अंतर ठेवून बोलतात.

कंपनी आली. गोदामात संशोधन केंद्र झालं, आमच्या छताला चार बारीक यंत्रं चिकटली, आणि करारात कलम पडलं की ही गळती पाच वर्षं कोणीही दुरुस्त करायची नाही. आई आणि मास्तर 'बाह्य निरीक्षक' झाले. त्यांनी वह्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत अशी अट होती. ती पाळायला त्यांना जड गेलं नाही. साहेबांनी तर वर्तमानपत्रात सांगितलं, "आम्ही शून्य मुद्दामच लिहिलं होतं."

आणि मला पत्र मिळालं. छापील नमुना होता : 'आपणांस या आदेशान्वये ........ करण्यात येत आहे.' मोकळ्या जागेत साहेबांनी स्वतःच्या शाईच्या पेनाने 'कायम' लिहिलं, खाली सही केली. मी घरी आलो आणि सर्वांना दिसावं म्हणून ते जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं. आई चष्मा आणायला गेली.

टप्.

पाणी तोवर कधीच टेबलापर्यंत आलं नव्हतं. पण प्रगती सगळ्यांचीच होते. 'कायम'चा एक निळा ढग झाला, आणि त्यातून सही हळूहळू पोहत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. "अवघड आहे रे. तात्पुरता तू कालपर्यंत होतास. कायम वाहून गेलं. आज कागदावर तू कोणीच नाहीस."

"दुसरं पत्र द्या ना!"

"देतो की. अर्ज आहे त्याला." त्यांनी कपाटातून अर्ज काढला. 'मूळ आदेश नष्ट होण्याचे कारण'. मी 'थेंब' लिहिलं. पुढे : 'नष्ट होण्यास जबाबदार व्यक्तीचा सहीनिशी कबुलीजबाब'.

"यात 'नाही' लिहून चालणार नाही?" मी विचारलं.

"ते शास्त्र आता बंद," साहेब म्हणाले. "आता तपासायला येतात."

मी जिना चढून मास्तरांकडे गेलो. काय मागायला आलोय ते सांगितलं. अकरा वर्षं ज्या माणसाने एक थेंब कबूल केला नव्हता, ज्याचा नळ साक्षीदारांसमोर बंद होता, जो आता पुराव्यानिशी निर्दोष होता, त्याला मी म्हणत होतो की तुम्ही गुन्हेगार आहात असं लिहून द्या.

मास्तरांनी पत्र भिजलं त्या दिवसाचं पान उघडलं. "सहा वाजून चार मिनिटं," ते म्हणाले. "मी तेव्हा नळाला हातही लावलेला नव्हता. ही नोंद."

"माहीत आहे, मास्तर. राहू दे."

"थांब." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. अर्ज पुढे ओढला, आणि ज्या हाताने चाळीस वर्षं मुलांच्या चुका तांबड्या शाईत दाखवल्या त्या हाताने सावकाश लिहिलं : 'सदर थेंब आमचा होता.' खाली सही केली. मग जरा विचार करून कंसात घातलं : 'संशोधनासाठी ही नोंद धरू नये.'

मी खाली आलो तेव्हा आई बोळकंडीत उभी होती. तिने अर्ज हातात घेतला. एकदा वाचला. भिंतीला टेकली. पुन्हा वाचला.

"अकरा वर्षं!" ती छताकडे बघून ओरडली. "अकरा वर्षं मी हेच सांगत होते!"

बाबांनी दिवाणखान्यातल्या बादलीतलं फडकं हळूच काढून घेतलं, म्हणजे सगळं नीट ऐकू यावं. मग जिन्यातून मास्तरांचा आवाज आला.

"फक्त तो एक!"